भालेरावांचं गेट

आमच्या ऑफिसात शिरणाऱ्या प्रत्येकाला आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे. "कोणाकडे काम आहे?" विचारणारे भालेराव सर तेव्हा खुर्चीतून अर्धे उठलेले असत. आवाजात अदब असे, पण उत्तर मिळेपर्यंत ते पुरते उठतही नसत आणि बसतही नसत. कुरिअरवाला असो, पाण्याचे जार आणणारा असो, नाहीतर खुद्द मालक असोत. आमचे मालक म्हणजे आप्पा. ते रोज सकाळी स्वतःच्याच ऑफिसच्या दारात उभे राहून सांगायचे, "तुमच्याकडंच काम हाय, भालेराव. च्या पाजता का?" मग भालेराव हसून "या" म्हणत आणि आप्पा आत येत. हा खेळ दोघांनाही आवडायचा. मला मात्र पहिल्या दिवशी तो खेळ वाटला नाही. मी घाबरून माझं पूर्ण नाव, राहण्याचं ठिकाण सांगवी आणि सासरचं आडनावसुद्धा सांगून टाकलं होतं.

ऑफिस काळेवाडीत, एका ग्रिलच्या दुकानावर. एकच जिना, एकच दार. खालच्या दुकानदाराने आप्पांना खूश करण्यासाठी खिडक्यांना इतकी दणकट ग्रिल बसवून दिली होती, की आमच्यातल्या कोणालाच ते ऑफिस बाहेरून बघून ऑफिस वाटत नसे. दिवसभर खाली लोखंड कापायचा आवाज. आप्पा मूळचे मोशीचे शेतकरी. जमीन इमारतींखाली गेली, पुतण्याच्या हौसेखातर त्यांनी हा वेबसाइट बनवायचा धंदा काढला, पुतण्या परदेशी निघून गेला आणि धंदा आप्पांच्या गळ्यात राहिला. भोसरी-चाकणमधले लहान कारखानदार, क्लासवाले, मंगल कार्यालयं ही आमची गिऱ्हाइकं. मी त्यांच्या साइटवरचा मजकूर लिहायचे, चित्रं लावायचे. आणि भालेराव त्या सगळ्या साइट राखायचे.

राखायचे म्हणजे काय, हे मला तिथे गेल्यावरच कळलं. वेबसाइटला एक पुढचं दार असतं, त्यातून गिऱ्हाईक येऊन बघून जातं. आणि एक मागचं दार असतं, ज्यातून मालक आत जाऊन बदल करतो. या मागच्या दारावर जगभरातून कोणी ना कोणी सारखं ढकलून बघत असतं. माणसं नसतात ती, दुसऱ्यांची यंत्रं असतात. त्यांना अडवायला भालेरावांनी प्रत्येक साइटवर एक सिक्युरिटी प्लगइन बसवलं होतं. ते पासवर्ड चुकवणाऱ्याला हाकलायचं, वारंवार येणाऱ्याला कोंडून ठेवायचं आणि कोण कुठून आलं होतं हे सकाळी मेल करून सांगायचं.

तो मेल भालेराव मोठ्याने वाचत. आमच्या ऑफिसची ती सकाळची प्रार्थनाच होती म्हणा. "काळोखे शेठच्या साइटवर ब्राझीलहून मंडळी आली होती. क्लासच्या साइटवर व्हिएतनाम. कोणालाही आत घेतलेलं नाही." मग चष्मा वर करून म्हणायचे, "बिचारी रात्रभर ठोकत बसली होती हो." त्या यंत्रांबद्दल त्यांना खरंच वाईट वाटायचं. आत मात्र कोणाला घ्यायचे नाहीत.

ते आधी चाकणच्या एका कंपनीत गेटवर होते. वडील चिंचवडच्या कारखान्यात फिटर. मुलानेही कारखान्यात लागावं ही वडिलांची इच्छा. "लागलो," भालेराव सांगत, "पण वडील आत होते, मी गेटवरच राहिलो." पुढे गेटवरची नोकरी गेली, ती का गेली हे ते सांगत नसत. कॉम्प्युटरचा क्लास लावला, शिकले आणि पुन्हा गेटवरच येऊन बसले. घड्याळ अजून मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायचे. जेवण झालं की बडीशेप चघळत ऑफिसभर एक राउंड मारायचे. तीन टेबलांचं ऑफिस, त्यात राउंड कसला डोंबलाचा! पण त्यांनी तो चुकवला असं मी कधी पाहिलं नाही.

पासवर्डच्या बाबतीत हा माणूस अगदी हेडमास्तर होता. मी पहिल्याच आठवड्यात पासवर्ड चुकवून स्वतःला कोंडून घेतलं आणि त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"चुकला की विसरला?" त्यांनी विचारलं.

"त्यात काय फरक आहे सर?"

"चुकला असेल तर माणूस आहे. विसरला असेल तर निष्काळजी आहे."

"चुकला," मी म्हटलं. खरं तर विसरले होते.

आमच्या भागातल्या लोकांचे पासवर्ड त्यांना तोंडपाठ झाले होते, इतके ते सारखे असत. गावच्या देवाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. मुलीचं नाव. गाडीचा नंबर. काळोखे शेठ म्हणून आमचे एक गिऱ्हाईक होते, चाकणला स्प्रिंग बनवायचे. त्यांच्या बुलेटचा नंबर त्यांचा पासवर्ड होता आणि तोच नंबर त्यांच्या कारखान्याच्या भिंतीवर, मोबाइल नंबरच्या शेवटी आणि छातीवरच्या सोन्याच्या पदकावरसुद्धा होता. भालेरावांनी तो बदलायला लावला, तेव्हा शेठ चिडले. "अहो, माझ्या नशिबाचा नंबर आहे तो! देवाच्या कृपेने आजवर काही झालं नाही."

"शेठ, देवाच्या भरवशावर दार उघडं टाकू नका," भालेराव शांतपणे म्हणाले. "रात्री देवळालाही कुलूप लावतातच ना?"

शेठनी पासवर्ड बदलला. पण बोटांना सवय बुलेटची. दर पंधरवड्याला ते स्वतःच्या साइटबाहेर कोंडले जायचे आणि भालेरावांना फोन करायचे.

आता सगळी गोम इथे होती. कोंडलेल्याला सोडवायचं, प्लगइनमध्ये काही बदलायचं, तर मोठी चावी लागे. त्या मोठ्या चावीला पासवर्ड तर होताच, वर एक कोड लागे. तो भालेरावांच्या मोबाइलमध्ये तयार व्हायचा आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच बदलायचा. तेवढ्यानेही समाधान होईना, म्हणून त्यांनी आणखी एक कुंपण घातलं. आमच्या ऑफिसच्या इंटरनेट लाइनवरूनच आत जाता येईल, बाहेरून कुठूनही नाही. म्हणजे दार काळेवाडीत आणि चावी भालेरावांच्या खिशात. दोन्ही एका जागी आल्याशिवाय काही हलायचं नाही. त्यांना या रचनेचा केवढा अभिमान! "आता मलासुद्धा बाहेरून आत येता येणार नाही," असं ते ज्याला त्याला कौतुकाने सांगायचे.

आणि त्यांना खरोखरच कुठे जाता येईना.

त्यांची बायको, करुणाताई, माणगावच्या पुढे डोंगरात एका खेड्यात शिक्षिका. नोकरी लागली ती तिकडे, बदली इकडे व्हायची ती झालीच नाही. वर्षानुवर्षं अर्ज करून दोघं दमली, तेव्हा ठरलं की भालेरावांनीच तिकडे जाऊन राहायचं. मूलबाळ नव्हतं. काळेवाडीतली ती खोली, तो स्टोव्ह, मेसचा डबा, यात त्यांचं मन नव्हतं. "एकदा हँडओव्हर झालं की चाललो," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं, की नव्या माणसाला मी ते त्यांच्या आधी म्हणून दाखवायचे. गावाकडे परसात काय लावायचं हेसुद्धा ठरलेलं. पण हँडओव्हर घेणार कोण? आप्पांना ते नकोच होतं. "भालेराव हायेत तवर आमाला झोप लागती," असं ते सगळ्यांसमोर म्हणायचे. शिवी देणाऱ्या मालकाला सोडून जाता येतं हो. असल्या मालकाचं काय करायचं?

बरं, सुट्टीत जावं, तर त्या खेड्यात रेंज नव्हती. कोड तयार व्हायला रेंज लागत नाही, पण ऑफिसात कोणी कोंडलं गेलं, तर ते कळवणारा फोन लागायला लागते. गावाबाहेर पाण्याची टाकी होती, तिच्यावर चढलं की एका कोपऱ्यात रेंज मिळायची. एका मे महिन्यात ते आठवडाभर गेले. परत आल्यावर मी विचारलं, "काय म्हणतायत ताई?" तर म्हणाले, "ती म्हणते, तुम्ही माझ्याकडे आला होता की टाकीकडे?" आम्ही हसलो. तेही हसले, पण त्यांचं नाक आणि कान उन्हाने सोलून निघाले होते.

आणखी एकदा तर कहर झाला. करुणाताईंना ताप होता म्हणून हे वल्लभनगरहून एसटीने निघाले. ताम्हिणी घाट सुरू झाला की फोन लागत नाही. पौडच्या जरा अलीकडे त्यांना माझाच फोन गेला. काळोखे शेठ पुन्हा कोंडले गेले होते आणि त्यांना कुठल्याशा मोठ्या कंपनीसाठी कॅटलॉग चढवायचा होता. मी म्हटलं, "सर, नुसता कोड सांगा, मी सोडवते."



"नको," ते म्हणाले. "मी येतो."

आणि ते पौडला उतरून परत आले. मला राग आला. मी आजही म्हणेन की तो राग योग्य होता. बायको तापाने फणफणलेली, आणि हा माणूस एक कोड मला फोनवर सांगत नाही! मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.  ते माझ्या टेबलावर बडीशेपेची पुडी ठेवून राउंडला गेले.

मग ती खंडेनवमी आली. त्या दसऱ्यानंतर भालेराव नक्की जाणार होते. तसा शब्द त्यांनी करुणाताईंना दिला होता, घरमालकाला खोली सोडतो म्हणून सांगितलं होतं, आणि आप्पांनीही सुस्कारा टाकून का होईना, मान हलवली होती.

आमच्या पट्ट्यात खंडेनवमी म्हणजे घरच्या सणापेक्षा मोठा सण. कारखान्याकारखान्यात यंत्रं धुऊनपुसून, तेल देऊन, झेंडूच्या माळा घालून पूजतात. आणि एकदा पूजलेलं यंत्र दुसऱ्या दिवसापर्यंत चालवायचं नाही. आप्पा हा नियम ऑफिसातही पाळायचे. त्यांनी प्रत्येक मॉनिटरला माळ घातली, कीबोर्डवर हळदकुंकू वाहिलं, प्रिंटरवर फूल ठेवलं, इंटरनेटच्या राउटरलाही कुंकवाचं बोट लावलं. मग मेन स्विच बंद करून नारळ फोडला. भालेराव स्वतः पूजा करत नसत. ते बौद्ध. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरा शर्ट घालून विहारात जायचे. पण आप्पांच्या पूजेला चपला काढून, हात बांधून शेवटपर्यंत उभे राहत आणि पेढा खात.

त्या दिवशी पेढा तोंडात असतानाच त्यांच्या मोबाइलवर इशारा आला. प्लगइन बनवणाऱ्यांनी कळवलं होतं, की खुद्द प्लगइनमध्येच एक भोक सापडलं आहे, ताबडतोब नवीन आवृत्ती चढवा. भालेरावांनी तो मजकूर पुन्हा पुन्हा वाचला. मग म्हणाले, "आप्पा, गेटच्या बिजागरीलाच तडा गेलाय."

"उद्या करू की."

"उद्यापर्यंत थांबायला नको. थोडंसंच काम आहे."

आप्पांनी माळा घातलेल्या मशीनकडे पाहिलं. "आमच्या आज्यानं खंडेनवमीला पुजलेली पेरणीची पाभर कधी उचलली न्हाई, भालेराव. आता पाभर न्हाई, कंप्युटर हाय, एवढाच काय तो फरक."

मी मध्ये पडले. "आप्पा, नुसता राउटर आणि एकच मशीन लावू. बाकीच्यांना हात नाही लावणार."

"ताई, तुमी सुदिक?" आप्पांचा चेहरा असा झाला, की मला पुढे बोलवेना.

भालेराव मोबाइलवरून ते काम सहज करू शकले असते. पण बाहेरून कोणालाही आत घ्यायचं नाही हे कुंपण त्यांनीच घातलेलं. ऑफिसची लाइन बंद, राउटर कुंकू लावून गप्प. ते हातात मोबाइल घेऊन जिन्यात उभे राहिले. "जोर करा की जरा," मी हळूच म्हटलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. आप्पांची पूजा मोडा असं मी म्हटलं, तर तो पोरकटपणा ठरत होता. त्यांनी म्हटलं असतं, तर त्याचा वेगळाच अर्थ निघाला असता. ते कोणी बोलून दाखवलं नाही. ऑफिसात ते सगळ्यांनाच कळत होतं, आप्पांनासुद्धा कळत असावं, आणि म्हणूनच भालेरावांनी पुन्हा विषय काढला नाही. खाली दुकानातही यंत्रं बंद होती. इतकं शांत ते ऑफिस मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, काळोखे शेठचा आवाज जिन्यातूनच वर आला. "भालेराव! माझ्या साइटवर पत्त्यांचा जुगार सुरू झालाय!" झालं होतं असं, की शेठच्या मुलीला बघायला मंडळी आली होती. पोहे झाले, चहा झाला, आणि मुलाच्या वडिलांनी सहज म्हणून मोबाइलवर शेठचा कारखाना उघडून पाहिला. स्प्रिंगच्या जागी राजा, राणी आणि गुलाम नाचत होते. "त्यांनी मला विचारलं हो, हा तुमचा जोडधंदा का म्हणून!"

भालेराव विहारातून तसेच आले होते. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "शेठ, चूक माझी आहे. मी गेट वेळेवर बंद केलं नाही."

आप्पा कोपऱ्यातच बसले होते. त्यांनी तोंड उघडलं, तर भालेरावांनी हातानेच त्यांना थांबवलं. मग माळ बाजूला करून बसले ते दिवेलागणीपर्यंत. साइट झाडून साफ केली, आत शिरलेलं सगळं उपसून काढलं, नवीन प्लगइन बसवलं. मुलाच्या वडिलांना शेठच्या फोनवरून स्वतः समजावून सांगितलं, तेव्हा कुठे ते स्थळ वाचलं. कीबोर्डवरचं हळदकुंकू त्यांच्या पांढऱ्या बाह्यांना लागलं होतं. ते त्यांनी पुसायचा प्रयत्न केला आणि जास्तच पसरलं.

शेठ गेल्यावर आप्पा त्यांच्याजवळ आले. "माझ्यापायी झालं हे," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "पर भालेराव, आता मातर तुमी कुटं जायचं न्हाई. तुमी नसता तर काय झालं असतं?"

 त्याच रात्री भालेरावांनी घरमालकाला फोन करून सांगितलं की खोली राहू द्या.

दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी ऑफिसच्या दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. लहानखुऱ्या, खांद्याला कापडी पिशवी, प्रवासाने केस विस्कटलेले. भालेराव स्क्रीनकडे बघत होते. सवयीने अर्धे उठले आणि न बघताच म्हणाले, "कोणाकडे काम आहे?"

"तुमच्याकडेच," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी मान वर केली. मी करुणाताईंना कधी पाहिलं नव्हतं, पण भालेरावांचा चेहरा बघून ओळखलं. ते तसेच, ना धड उभे ना धड बसलेले, कितीतरी वेळ राहिले.

ताई आप्पांसमोर जाऊन बसल्या. आवाज चौथीच्या वर्गात असावा तसा, मोठा नाही, पण मागच्या बाकापर्यंत जाणारा. "आप्पा, मी भांडायला आले नाही. यांना सोडा, एवढंच सांगायला आले."

"ताई, मी कुटं धरून ठेवलंय?" आप्पा कळवळून म्हणाले. "चावी त्यांच्यापाशी हाय. ती दुसऱ्या कुनापाशी न्हाई. मी तरी काय करू?"

ताईंनी मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं. "ती चावी दुसऱ्या कोणाला देता येत नाही का?"

खाली कटर चालू होता. भालेराव खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"देता येते," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच."

मला वाटलं आता ताई रडतील किंवा चिडतील. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, घोटभर पाणी प्यायल्या, झाकण घट्ट लावलं. "मग इतकी वर्षं मी तुमच्या आप्पांना उगाच बोल लावला," त्या म्हणाल्या.

आप्पांनी मान खाली घातली. भालेराव खिडकीच्या ग्रिलला धरून उभे होते. त्या क्षणी मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. मी उठले आणि म्हटलं, "सर, मला द्या चावी."

त्यांनी ती लगेच दिली असती तर ते भालेराव कसले? आधी शिकवणी, मग परीक्षा. शिकवणी छान झाली, आणि परीक्षेपुरती एक सरावाची चावी त्यांनी माझ्या मोबाइलवर चढवली. परीक्षा म्हणजे मला माहीत नसलेल्या नंबरांवरून फोन यायचे. कधी क्लासचा क्लार्क म्हणून, कधी शेठचा अकाउंटंट म्हणून, आवाज बदलून, घाई करून भालेरावच कोड मागायचे. मी कोणाला दाद दिली नाही. मला वाटलं पास झाले. मग एक दिवस त्यांच्याच नंबरावरून, त्यांच्याच आवाजात फोन आला. "अश्विनीताई, मी भालेराव. शेठच्या कारखान्यात आलोय, इथे अडकलो. जरा कोड सांगता?"

मी सांगितला. त्यांनीच मला दिलेला कोड त्यांना सांगायला कसली हरकत?

पाच मिनिटांत ते खालच्या चहाच्या टपरीवरून जिना चढून वर आले. रागावले नाहीत. माझ्या समोर स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "का दिलात?"

"अहो, तुम्ही होता म्हणून!"

"ओळखीचा माणूस होता म्हणून," ते म्हणाले. आणि मग त्यांनी चाकणच्या गेटची गोष्ट सांगितली, जी त्यांनी कधीच कोणाला सांगितली नव्हती. सुट्टीच्या दिवशी एक ठेकेदार टेम्पो घेऊन आला. पास नव्हता. पण रोज येणारा, वडिलांना ओळखणारा, भालेरावांच्या लग्नात जेवून गेलेला माणूस. म्हणाला, आत हत्यारं विसरलीत, दहा मिनिटांत येतो. यांनी गेट उघडलं. टेम्पो तांब्याच्या तारा घेऊन गेला. नोकरी यांची गेलीच, पण त्या दिवशी यांच्यासोबत ड्यूटीवर जो जोडीदार होता, त्याचीही गेली. त्याने तर गेटला हातही लावला नव्हता. "अनोळखी माणसाला आपण अडवतोच हो," भालेराव म्हणाले. "त्यात काही विशेष नाही." पौडला ते एसटीतून का उतरले, हे मला त्या स्टुलाकडे बघताना कळलं. माझ्यावर त्यांचा विश्वास नव्हता असं नाही. विश्वासाचीच त्यांना धास्ती बसली होती.

दुसऱ्या वेळी त्यांच्याच नंबरावरून फोन आला, तेव्हा मी म्हटलं, "सर, ऑफिसात येऊन समोर बसा, मग बघू." तिकडून नुसतं हसणं ऐकू आलं. मी पास झाले होते.

निघायच्या दिवशी त्यांनी माझ्या मोबाइलवर खरी मोठी चावी चढवली, मग मोठ्या चावीच्या यादीतून स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने काढलं. काढताना प्लगइन विचारतं, नक्की काढायचं का? ते थोडा वेळ त्या प्रश्नाकडे बघत बसले. मग बटण दाबलं आणि राउंडला गेले. आप्पांनी त्यांना शाल दिली आणि नारळ दिला. "कवाबी या," आप्पा म्हणाले, "दारात कुनी इचारनार न्हाई आता." 

वल्लभनगरला मी पोचवायला गेले. माणगावची गाडी लागली होती. भालेराव खिडकीशी बसले, पिशवी मांडीवर, घड्याळ मनगटाच्या आत. गाडी सुटायच्या आधी त्यांनी मोबाइल काढला आणि काहीतरी टाइप करायला लागले. मी खालून विचारलं, "काय करताय?" तर त्यांनी मोबाइल खिडकीच्या गजातून माझ्यापुढे धरला. त्यांनी स्वतःच्या जुन्या नावाने आणि जुन्या पासवर्डने आत जायचा प्रयत्न केला होता. पडद्यावर लाल अक्षरांत आलं होतं, तुम्हाला प्रवेश नाही.

"बघा," ते म्हणाले, "मलाही घेत नाही!" त्यांचा चेहरा पोराच्या निकालाच्या दिवशी बापाचा असतो तसा फुलला होता. मग गाडी हलली. ते मोबाइल तसाच धरून बसले होते, आणि नाशिक फाट्याकडे वळताना मला दिसलं की ते पुन्हा त्या लाल अक्षरांकडे बघत आहेत, आणि आता हसत नाहीत.

ते मला दिसलेले शेवटचे भालेराव. पुढे फोन लागत नाही, कारण रेंज नाही. करुणाताईंचं एक पत्र आलं, परसात शेवगा लावलाय, नीट जेवतात, एवढंच.

आता मोबाइल माझ्या पर्समध्ये असतो. अंघोळीला जाताना मी तो खिडकीत ठेवते. नवरा मागे म्हणाला, चार दिवस कुठेतरी डोंगरात जाऊन येऊ, तर माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "रेंज आहे का तिथे?" तो माझ्याकडे बघत राहिला. आप्पा परवा मला सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई हायेत तवर आमाला झोप लागती."  मी त्याच दिवशी आमच्याकडे नवीन आलेल्या मुलीला दुसरी चावी शिकवायला घेतली.

सकाळचा मेल आता मी वाचते. ब्राझील, व्हिएतनाम, नेहमीची मंडळी. आणि मधूनच एखाद्या दिवशी त्यात एक नाव येतं. भालेराव. रायगड जिल्ह्यातून. एकदाच ढकललेलं, चुकलेलं नाही, विसरलेलं नाही, तोच जुना पासवर्ड. म्हणजे आदल्या दिवशी ते टाकीवर चढले असणार. हे नाव आलं की मेलमध्ये शेजारी एक बटण असतं. ते दाबलं की हा आपलाच माणूस आहे असं प्लगइनला कळतं.

परवा ते नाव आलं तेव्हा मी वाचता वाचता थांबले. आप्पांनी चहाचा कप खाली ठेवला.

"कोन हाय?"

"आहे एक," मी म्हटलं. "ओळखीचं."

आप्पांना कळलं. त्यांनी माझ्या स्क्रीनकडे न बघताच, हळू आवाजात म्हटलं, "मंग घ्या की आत."

"नाही आप्पा," मी म्हटलं आणि पुढचं नाव वाचायला घेतलं. "ओळखीचं आहे म्हणूनच नाही."